‘दादा, मेस कुठली लावू?’ : तालुक्याच्या कॉलेजातून विद्यापीठात जाणाऱ्यांसाठी व्हॉट्सॲप ग्रुप कसा उभा करावा

नगर जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या कॉलेजातून दरवर्षी दहा-पंधरा पोरं एम.ए., एम.एस्सी.साठी विद्यापीठात जातात. बहुतेक जण पुण्याला, गणेशखिंडीला. कागदोपत्री ही पोरं तीन वर्षं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचीच असतात. गुणपत्रिकेवर त्याचं नाव असतं आणि पदवीवर शिक्काही त्याचाच. आवार मात्र त्यांनी पाहिलेलं नसतं. चारशे एकरांहून मोठ्या त्या झाडीत पहिल्या दिवशी पोरगं थेट मनोऱ्याच्या मुख्य इमारतीकडे जातं, कारण फोटोत तीच असते. ती इंग्रज गव्हर्नरांची पावसाळ्यातली कोठी. आपला विभाग तिथे नाही, हे कळेपर्यंत पहिलं लेक्चर गेलेलं असतं.

हे तसं किरकोळ. खरा घोळ दुसरीकडे होतो. काही वर्षांपूर्वी आमची एक हुशार मुलगी एका विद्यापीठात प्रवेश घेऊन सहा आठवड्यांत घरी परत आली. फी भरलेली होती आणि अभ्यासही जड नव्हता. हॉस्टेलचा अर्ज वेगळा करावा लागतो, हे तिला ठाऊक नव्हतं. मग ती नात्यातल्या एका घरी राहिली, तिथे जमलं नाही आणि पुढे काय करायचं ते सुचलं नाही. ‘अगं, कुणाला विचारायचं नाही का?’ असं मी म्हटलं. ती म्हणाली, ‘सर, वर्गाच्या ग्रुपवर तीनदा टाईप केलं आणि तीनदा खोडलं. एकशेवीस जण होते त्यात.’

त्या खोडलेल्या प्रश्नासाठी आम्ही ग्रुप काढला. माहिती तर संकेतस्थळावर असतेच, माहितीपत्रकातही असते. कुठेच नसते ती विचारायची सोय. हे एकदा लक्षात आलं की ग्रुप कसा बांधायचा ते बरंचसं आपोआप ठरतं. खालची पद्धत आम्ही चुकतमाकत बसवली आहे. तुम्ही पदवी कॉलेजात शिकवत असाल किंवा विद्यापीठात पोचलेले माजी विद्यार्थी असाल, तर ती तुमच्यासाठी आहे. तुमची पोरं कोल्हापूरला जात असोत, छत्रपती संभाजीनगरला की मुंबईत कलिन्याला, नावं बदलतील पण गाडी तीच.

आधी माणसं, मग ग्रुप

पहिली चूक सगळे हीच करतात, आम्हीही केली. आधी ग्रुप काढला, दीडशे नंबर टाकले आणि मग कोण उत्तरं देणार याचा विचार सुरू झाला. आठवड्याभरात तिथे ‘शुभ सकाळ’ आणि कुठल्याशा भरतीची जाहिरात एवढंच उरलं.

आधी पाच-सहा सीनियर गाठा. सध्या विद्यापीठात एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असलेले उत्तम. पाच वर्षांपूर्वी शिकून गेलेला, आता नोकरीत स्थिरावलेला माणूस भाषण चांगलं देतो, पण मेसचा यंदाचा दर त्याला माहीत नसतो. एक वर्ष पुढे असलेल्याला अजून आठवतं की आपण कुठे अडखळलो होतो. पुढच्या वर्षी तोही विसरेल.

निवडताना टॉपर शोधू नका. आमच्या यादीत निदान दोन मुली असतातच. हॉस्टेल मिळालेला एक आणि न मिळाल्यामुळे बाहेर कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतल्या एका खाटेचं भाडं भरून, राहिलेला एक हवा. ‘कमवा आणि शिका’त, म्हणजे विद्यापीठातच काम करून शिकायच्या योजनेत, काम केलेला एक हवा. पहिल्या सेमिस्टरला आपटलेला आणि मग सावरलेला एकही हवाच. गेली तीन वर्षं सगळ्यात जास्त प्रश्न या शेवटच्यालाच येतात. नापास होऊनही माणूस तिथेच आहे, हसतोय, हे बघितलं की निम्मी भीती जाते.

त्यांना कामही मोजून सांगा : दिवसातून एकदा, रात्री जेवणानंतर वीस मिनिटं. वार वाटून द्या. चोवीस तास मदत करतो म्हणणारा सीनियर तिसऱ्या आठवड्यात ग्रुप म्यूट करतो, आणि त्यात त्याची चूक नसते. त्यालाही परीक्षा आहे.

कुठलं माध्यम कशाला

बोलण्यासाठी व्हॉट्सॲप. यावर फार डोकं चालवू नका. पोरांच्या फोनमध्ये ते आहे, आईबापांच्या फोनमध्ये आहे आणि गावात रेंज एकच काडी असली तरी मजकूर पोचतो. फेसबुकचा जन्म २००४ मध्ये हार्वर्डच्या हॉस्टेलच्या खोलीत, कॉलेजच्या पोरांनी एकमेकांना ओळखावं म्हणूनच झाला. आज मात्र आमच्या टीवायच्या, म्हणजे पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या, वर्गात ‘फेसबुकवर टाकतो’ म्हटलं की पोरं ‘सर, ते बाबांचं’ म्हणून हसतात.

साठवणीसाठी टेलिग्राम. व्हॉट्सॲपवरचा कागद चार दिवसांत गप्पांखाली गाडला जातो, आणि उशिरा आलेल्याला मागचं शोधताना नाकी नऊ येतात. टेलिग्रामच्या चॅनलवर आज आलेल्यालाही पहिल्या दिवसापासूनचं सगळं दिसतं, शोधता येतं. म्हणून फॉर्मचे नमुने, जुन्या प्रश्नपत्रिका, अभ्यासक्रमाच्या पीडीएफ सगळं तिथे ठेवा. व्हॉट्सॲपवर नुसती लिंक द्या.

इन्स्टाग्राम दाखवण्यासाठी. विद्यापीठ ‘दिसतं’ कसं, कँटीनमध्ये गर्दी केवढी, जयकर ग्रंथालयाच्या वाचनकक्षात लोक कसे बसतात, हे सीनियरच्या स्टोरीत जितकं कळतं तितकं माझ्या तासाभराच्या व्याख्यानात कळत नाही. पण इन्स्टावर प्रश्नोत्तरं चालवू नका. तिथे माणूस चांगलं दिसायला येतो, अडाणी दिसायला नाही.

यूट्यूबबद्दल पुढे सांगतो. बाकीची माध्यमं सोडून द्या. चार ठिकाणी एकच गोष्ट टाकत बसलात की चारही ठिकाणी शिळी होते.

ग्रुप उघडताना

व्हॉट्सॲपच्या ग्रुपमध्ये १,०२४ माणसं मावतात. मावतात म्हणून भरू नका. आमचा अनुभव असा की चाळिसाच्या पुढे गेलं की बुजरी पोरं गप्प होतात. एका कॉलेजचे, एका वर्षाचे, एका विद्यापीठाला जाणारे, एवढ्यांचाच ग्रुप करा. पोरं जास्त असतील तर कला आणि विज्ञान वेगळे करा.

व्हॉट्सॲपची ‘कम्युनिटी’ वापरलीत तर दोन खोल्या मिळतात : एक सूचनांची, जिथे फक्त ॲडमिन लिहितो, आणि एक गप्पांची. सूचनांच्या खोलीत सदस्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. गप्पांच्या खोलीत दिसतात. हा फरक मुलींना आणि त्यांच्या घरच्यांना आधी सांगा. ज्यांना नंबर उघड करायचा नाही त्यांना फक्त सूचनांच्या खोलीत ठेवा. त्यांचे प्रश्न सीनियर ताईकडे थेट जातील अशी सोय करा. टेलिग्रामवर तर नंबर कोणालाच दिसू नये अशी सेटिंग आहे, ती पहिल्याच दिवशी करून घ्या.

बाकीच्या सेटिंग पाच मिनिटांच्या आहेत, पण विसरल्या की महागात पडतात. माणसं जोडण्याचा अधिकार फक्त ॲडमिनला ठेवा. लिंकवरून येणाऱ्याला मंजुरी लागेल असं करा. मेसेज आपोआप पुसले जाण्याची सोय बंद ठेवा, नाहीतर महत्त्वाची उत्तरं सात दिवसांत हवेत. वर तीन मेसेज पिन करता येतात. आम्ही पिन करतो ते असे : या आठवड्यात काय करायचं, कुठल्या दिवशी कोण सीनियर, आणि टेलिग्रामची लिंक. पिन तीस दिवसांपर्यंतच टिकते, म्हणून कॅलेंडरात खूण करून ठेवा.

आणि विचारल्याशिवाय कुणाचाही नंबर घालू नका. कॉलेजच्या प्रवेश अर्जातून नंबर उचलून ग्रुपमध्ये टाकणं सोपं असतं. ते बरोबर नाही. लिंक वर्गात फळ्यावर लिहा, ज्याला यायचं तो येईल.

पहिला प्रश्न कोणी विचारायचा?

ग्रुप सुरू झाला, सगळे आले, ‘नमस्कार’ झाला. आणि मग शांतता. अवघड जागा हीच, म्हणून इथे जरा थांबतो.

‘काही शंका असल्यास विचारा’ हे वाक्य ग्रुपवर कधीही लिहू नका. शंका हा वर्गातला शब्द आहे. शंका विचारणारा पोरगा सर्वांदेखत उभा राहतो. त्याऐवजी सीनियरनेच आपली फजिती सांगून सुरुवात करावी. आमच्या एका सीनियरने पहिल्या रात्री लिहिलं होतं : ‘मी पहिले चार दिवस वडापाववर काढले, कारण मेसचं कूपन कुठे मिळतं ते विचारायची लाज वाटली. पाचव्या दिवशी कळलं, काउंटर माझ्या समोरच होता.’ पंधरा मिनिटांत तीन प्रश्न आले. त्यातला पहिला : ‘दादा, मेस कुठली लावू?’

तरीही काही जण बोलणार नाहीतच. त्यांच्यासाठी गुगल फॉर्म काढा. त्यात नाव नको, ईमेल गोळा करण्याचा पर्याय बंद, आणि एकच रकाना : ‘तुझा प्रश्न’. रोज संध्याकाळी ॲडमिनने ते प्रश्न आपल्या नावाने ग्रुपवर टाकायचे आणि सीनियरने उत्तर द्यायचं. या फॉर्ममधून गेल्या काही वर्षांत काय काय आलं बघा :

लेक्चर इंग्रजीत असतं का? मला कळलं नाही तर?
सरांच्या केबिनमध्ये आत जाताना विचारायचं काय?
जीन्स नाही घातली तर चालेल ना?
प्रेझेंटेशन म्हणजे सगळ्यांसमोर उभं राहून बोलायचं का?
घरून महिन्याला चार हजारच येतील. भागेल का?
आडनाव सांगितल्यावर लोक जात ओळखतात का तिकडे?
घरचे लग्नाचं बघतायत, हे मॅडमना सांगावं का?

यातला एकही प्रश्न माहितीपत्रकात बसत नाही. शेवटच्या दोनांना ग्रुपवर उत्तर देऊही नये. ॲडमिनने एवढंच लिहायचं : ‘आज फॉर्ममध्ये एक प्रश्न आलाय. विचारणाऱ्याने अमुक ताईला मेसेज कर, ती फोन करेल.’ कुठला प्रश्न उघड्यावर घ्यायचा आणि कुठला आडोशाला, हे ओळखणं हेच ॲडमिनचं खरं काम.

उत्तराचीही एक रीत ठेवा. लांबलचक मजकुरापेक्षा मिनिटभराचा व्हॉइस मेसेज बरा, आणि तो सीनियरच्या स्वतःच्या बोलीत असावा. आमचा एक सीनियर अकोले तालुक्यातला. मुक्काम पुण्यात, पण बोलणं गावाकडचंच. ‘तिथं जाऊन तुमचं मराठी बदलावं लागत नाही’ हे त्याच्या आवाजातूनच पोरांना कळतं, वेगळं सांगावं लागत नाही. मात्र तारीख, रक्कम आणि कागदाचं नाव यांना व्हॉइस चालत नाही, तिथे लिहूनच द्यायचं.

महिन्यागणिक कामं

प्रवेशाच्या तारखा दरवर्षी पुढेमागे होतात, म्हणून तारखा विद्यापीठाच्या संकेतस्थळावरूनच घ्या. सीनियरच्या आठवणीवर जाऊ नका. कामांचा क्रम मात्र बदलत नाही.

जानेवारी-फेब्रुवारीत, टीवायचं शेवटचं सेमिस्टर चालू असतानाच, कागदांचा विषय काढा. जात वैधता प्रमाणपत्राला महिने लागू शकतात. जूनमध्ये धावणाऱ्याला ते मिळेलच असं नाही. नॉन-क्रिमीलेअरची मुदत ३१ मार्चला संपते. आपल्या दाखल्यावर कुठल्या वर्षाचा ३१ मार्च आहे ते बघायला सांगा. दरवर्षी दोघं-तिघं तरी जुना दाखला घेऊन जातात. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, मध्ये वर्ष वाया गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र : सेतूमध्ये एकाच फेरीत काय काय होतं याची यादी पिन करा.

एप्रिल-मेमध्ये प्रवेश परीक्षेचे अर्ज. इथे ग्रुपचा सगळ्यात मोठा उपयोग होतो तो स्क्रीनशॉटला. अर्जाच्या प्रत्येक पानाचा फोटो, त्यावर लाल बाण, ‘इथे हे भर’. एका सीनियरने एकदा एवढं केलं की चाळीस जणांचे सायबर कॅफेचे पैसे वाचतात. स्क्रीनशॉटमध्ये स्वतःचा आधार क्रमांक झाकलाय का, हे पाठवण्याआधी बघायचं.

जून-जुलैत निकाल, यादी, प्रवेश. टीसी काढली की तिच्या निदान पाच प्रती साक्षांकित करून ठेवा, मूळ टीसी एकदा जमा झाली की परत येत नाही. मायग्रेशनचा, म्हणजे एका विद्यापीठातून दुसऱ्यात जाताना लागणाऱ्या दाखल्याचा, गोंधळ हमखास होतो. पुण्याच्याच विद्यापीठाशी संलग्न कॉलेजातून पुण्यालाच जाणाऱ्याला ते लागत नाही. शिवाजी विद्यापीठाच्या किंवा मराठवाड्याच्या कॉलेजातून येणाऱ्याला लागतं. उत्तरं फॉरवर्ड होऊन दोन्ही प्रकारच्या पोरांपर्यंत पोचली की एकाचं उत्तर दुसऱ्याला घाबरवतं. म्हणून उत्तराच्या सुरुवातीलाच ‘हे फक्त अमुकांसाठी’ असं लिहायची शिस्त लावा.

याच दिवसांत हॉस्टेलचा अर्ज. वर्गाला प्रवेश मिळाला म्हणजे खोली मिळाली असं नाही. हे वाक्य मी दर आठवड्याला ग्रुपवर टाकतो, पोरं वैतागतात, तरी टाकतो. खोली मिळाली नाही तर पुढचे रस्ते : समाजकल्याणचं वसतिगृह. तेही नाही मिळालं तर अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयम् योजना आणि ओबीसी, भटक्या-विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. अटी वाचल्याशिवाय कुणालाही ‘तुला मिळेलच’ असं सांगू नका. आणि हॉस्टेलच्या भाषेत ज्याला ‘पॅरासाइट’ म्हणतात, म्हणजे मित्राच्या खोलीत चोरून राहणं, तो सल्ला ग्रुपवर येतोच. तो देणारा स्वतः तसाच राहिलेला असतो, त्याला उपदेश करू नये. पण पकडलं गेलं तर ज्याच्या नावावर खोली आहे त्याचंही हॉस्टेल जातं, एवढं त्याच्याच तोंडून वदवून घ्या.

महाडीबीटीचा शिष्यवृत्तीचा अर्ज वर्ग सुरू झाल्यावर येतो. नवा अभ्यासक्रम असल्यामुळे अर्ज नव्याने भरायचा असतो, पण खातं मात्र जुनंच वापरायचं. पासवर्ड विसरलो म्हणून दुसरं खातं काढलं की वर्षभर हेलपाटे. पैसे आधारशी जोडलेल्या बँक खात्यात जातात. ते खातं अजून आईबरोबर काढलेलं गावातलंच असतं आणि कधी कधी बंद पडलेलं असतं. ते जूनमध्येच तपासायला लावा.

चालत काढलेला व्हिडिओ

यूट्यूबवर आम्ही वर्षाला एकच व्हिडिओ टाकतो. एसटीतून उतरल्यापासून विभागाच्या दारापर्यंत. सीनियर फोन छातीशी धरून चालतो आणि बोलतो. संगीत नाही, कापाकापी नाही. कुठे पीएमपीची बस पकडायची, कुठल्या गेटने शिरायचं, सुरक्षारक्षकाला काय सांगायचं, झेरॉक्स कुठे, पाणी कुठे, मुलींचं स्वच्छतागृह कुठे. हे शेवटचं मुलींनीच सांगितलं पाहिजे. आमच्या पहिल्या व्हिडिओत ते नव्हतं, कारण तो मी आणि दोन पोरांनी मिळून काढला होता.

व्हिडिओच्या नावात महिना आणि वर्ष घाला. पुणे इतक्या वेगाने बदलतं की जुनी वाट दाखवणं म्हणजे पोराला चकवा लावणं. शिवाजीनगरचा एसटी स्टँड २०१९ च्या अखेरीस मेट्रोच्या कामासाठी वाकडेवाडीला हलला. विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल २०२० मध्ये पाडला. तरी पुढची दोन वर्षं आमचे जुने विद्यार्थी ‘शिवाजीनगरला उतर, पुलाखालून ये’ असंच सांगत होते. तो स्टँडही नव्हता आणि तो पूलही नव्हता.

व्हिडिओ ‘अनलिस्टेड’ ठेवा, म्हणजे लिंक असलेल्यालाच दिसेल. आणि तो घरच्यांना दाखवायला सांगा. मुलीला पुण्याला पाठवायचं की नाही, हे आमच्याकडे अजून बऱ्याच घरांत आजी ठरवते. आजीने तो रस्ता बघितला, हॉस्टेलचं दार बघितलं, दारावरच्या रेक्टर मॅडमचा फलक बघितला, की घरातली चर्चा वेगळ्या वाटेने जाते.

वर्ग सुरू झाल्यावर

इथे बहुतेक ग्रुप थंडावतात. प्रवेश झाला, आता काय? खरं तर पोरं गळतात ती यानंतरच्या सहा-सात आठवड्यांत. पदवीला वर्षभर निवांत राहून शेवटच्या महिन्यात गाईड वाचून पास झालेल्याला विद्यापीठाच्या विभागात पहिल्याच महिन्यात चाचणी, असाइनमेंट आणि सेमिनारला सामोरं जावं लागतं. अंतर्गत मूल्यमापनाला इथे मोठं वजन असतं. ‘शेवटी बघू’ म्हणणाऱ्याचं ‘शेवटी’ सप्टेंबरमध्येच येतं.

या काळात ग्रुपवर आठवड्याला एकच ठरलेली गोष्ट करा. आम्ही रविवारी रात्री तीन प्रश्नांचा पोल टाकतो. या आठवड्यात तू कुणाबरोबर जेवलास? लायब्ररीचं कार्ड झालं का? एका तरी सर-मॅडमना तुझं नाव माहीत झालं का? उत्तरं हो-नाहीतच. सलग दोन रविवारी ‘नाही, नाही, नाही’ म्हणणाऱ्याला सीनियर फोन करतो. पोलला उत्तरच न देणाऱ्याला मी करतो.

ग्रुप चालला की नाही हे मेसेजच्या संख्येवरून ठरवू नका. दिवसाला दोनशे मेसेज पाडणारी पाच पोरं असतात, त्यांना तशीही मदत लागत नव्हती. गप्प असलेल्यांची यादी वेगळी ठेवा, साध्या वहीत, हाताने.

इंग्रजीसाठी आम्ही एक खटपट केली, ती जमली. अभ्यासक्रमातलं एखादं इंग्रजी प्रकरण घेऊन दोघादोघांच्या जोड्या लावायच्या. रोज दोन पानं. एकाने वाचून मराठीत व्हॉइस मेसेज करायचा, दुसऱ्याने ऐकून चुका सांगायच्या. हे ग्रुपवर नाही, जोडीतच. महिन्याभरात लेक्चर ‘डोक्यावरून जातंय’ ही तक्रार कमी होते. शब्द कळायला लागतात म्हणून की निदान एकाला तरी आपल्यासारखंच कळत नाही हे समजतं म्हणून, मी सांगू शकत नाही.

आणि त्यांना भेटवा. पहिल्या पंधरवड्यातला एक रविवार, आवारातलंच एखादं झाड, सीनियरसह सगळे. चहा ज्याचा त्याने घ्यावा. अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी २००७ मध्ये तिथल्या पदवीच्या २८६ विद्यार्थ्यांचा अभ्यास मांडला होता. फेसबुकचा वापर आणि दूरदूरच्या ओळखीपाळखी यांचं नातं त्यांना दिसलं. ज्यांचा स्वतःवरचा विश्वास कमी होता अशांना त्याचा फायदा जास्त होत असावा, असंही दिसलं. तिथली मुलं फेसबुकवर मुख्यत्वे प्रत्यक्षात ओळखीच्या झालेल्यांनाच धरून होती. आमचंही तेच आहे. झाडाखाली एकदा भेटलेली पोरं ग्रुपवर वेगळं बोलतात.

फसवणूक आणि छळ

खोलीच्या डिपॉझिटचे पैसे खोली बघितल्याशिवाय पाठवायचे नाहीत. ग्रुपचा हा एकच नियम मी मोठ्या अक्षरांत लिहितो. जुलैमध्ये ‘फक्त एक कॉट शिल्लक, आजच टोकन’ असे मेसेज फिरतात, फोटो भलत्याच खोलीचे असतात. पोराला लगेच जाता येत नसेल तर सीनियर जाऊन बघेल. ‘विभागात ओळख आहे, प्रवेश करून देतो’ म्हणणाऱ्याचा नंबर थेट ॲडमिनला. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला, फोन करायचा. लाजेने चार दिवस गेले की पैसे परत मिळायची आशाही जाते.

रॅगिंग आता खोलीत कमी आणि फोनवर जास्त. सीनियरांनी ज्युनियरांना अनौपचारिक व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये ओढून त्रास देणं हेही रॅगिंगच, असं यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, २०२५ मध्ये संस्थांना कळवलं आहे. महाराष्ट्रात तर रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे. राष्ट्रीय मदत क्रमांक १८००-१८०-५५२२ टेलिग्रामच्या पहिल्याच पोस्टमध्ये ठेवा. आणि स्वतःच्या सीनियरांकडेही डोळे उघडे ठेवून बघा. मुलींना रात्री उशिरा ‘जेवलीस का?’ विचारणारा दादा आमच्याकडेही निघाला होता. त्याला त्याच रात्री काढला, आणि का काढला ते बाकीच्या सीनियरांना सांगितलं. मुलीचं नाव न घेता. तेव्हापासून मुलींना खासगी मेसेज फक्त ताईच करतात.

कुणाच्या स्टेटसवर किंवा फॉर्ममध्ये जगण्याचा कंटाळा दिसला तर सल्ला देत बसू नका. फोन करा, बोलतं ठेवा, जवळ असलेल्या सीनियरला खोलीवर पाठवा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं.

दिवाळीत बंद

ग्रुपला शेवटची तारीख हवी, आणि ती पहिल्याच दिवशी सांगायची. आम्ही दिवाळीच्या सुट्टीत बंद करतो. तोवर पहिल्या सेमिस्टरचं रूप कळलेलं असतं, विभागातले स्वतःचे मित्र झालेले असतात. त्यांचे नवे ग्रुप असतात, ज्यात मी नसतो. तसंच असायला हवं. बंद न केलेला ग्रुप दोन वर्षांनी राजकारणाच्या फॉरवर्डचा उकिरडा होतो.

बंद करण्यापूर्वी तीन कामं. वर्षभरातले सगळे प्रश्न नावं पुसून टेलिग्रामवर एका फाईलमध्ये घाला, उत्तरांसह आणि उत्तर कुठल्या महिन्यातलं आहे त्यासह. पुढच्या वर्षीचे सीनियर यांच्यातूनच निवडा. निवडताना जुनी वही काढा आणि जी पोरं सुरुवातीला गप्प होती त्यांना आधी विचारा. मग लिंक रद्द करून नवी काढा आणि ॲडमिनपण दुसऱ्या कुणाच्या तरी हातात द्या, कारण सगळं एका सरांच्या फोनवर अवलंबून असणं धोक्याचं. माझा फोन एकदा एसटीत राहिला होता, तेव्हा आठवडाभर नव्या पोरांना मंजुरी द्यायला कुणीच नव्हतं.

यंदाच्या फाईलमध्ये दोनशेच्या वर प्रश्न झालेत. मेसचा दर जुना आहे, तो पुसायचाय. वाकडेवाडीपासूनचा व्हिडिओ फेब्रुवारीत पुन्हा काढायचाय. या वेळी फोन एका मुलीच्या हातात असेल.